तळव्याला आधी कळतं

ज्याचं अंग असंच एकाएकी गेलंय, जो आत्ता खाटंवर पडून छताकडं बघतोय, त्याच्यासाठी हे सांगते. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई म्हनाल्या, "आजी, तुम्ही बोला, लोकांना धीर येतो." मला दोन अक्षरं येत्यात, पर हात आजून पुरता माघारी आला न्हाई, वळनं मोडत्यात. म्हनून मी बोलते आन् माझी सून सुनंदा लिहिती. मधीच थांबून म्हनती, "आत्या, असं न्हाई लिहीत." म्या म्हनलं, मी बोलते तसंच लिव्ह, तू नीट करशील तर ते दुसऱ्या कोनाचंतरी दुखनं व्हईल.

माझं काम

आमचं घर चाकणच्या अलीकडं. जमीन कंपन्यांत गेली, घराभवतीचा तुकडा ऱ्हायला. मालक जाऊन लई वर्सं झाली. एकच लेक, संपत. तो कंपनीत वेल्डिंगला व्हता, कंत्राट सुटलं तवा घरी आला.

आमच्या इकडं झाडं रोज पडत्यात. गोडाऊन व्हतं, रस्ता व्हतो, भिंत व्हती. झाड कापून नेत्यात, पर खोड तसंच ऱ्हातं, मुळ्या भुईत रोवून. मोठं मशीन अरुंद जागंत शिरत न्हाई. म्हनून संपतनं आन् देहूरोडच्या रशीदभाईनं, त्यो ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, आमच्या छोट्या ट्रॅक्टरला मागं लावायचं एक अवजार घरीच केलं. भंगारातनं जेसीबीचे झिजलेले दात आनले, ट्रकच्या पाट्याचं लोखंड आनलं, आन् जोडत जोडत मानसाच्या पंजावानी केलं. आमी त्याला दाताळंच म्हनतो. ते खोडाच्या बुडाखाली घालायचं आन् ट्रॅक्टरची मागची लिफ्ट सावकाश वर घ्यायची. एका अंगाच्या मुळ्या सुटल्या की फिरून दुसऱ्या अंगानं.

पर ट्रॅक्टर ल्हान आन् खोड जड. मागं वढ बसली की म्होरली चाकं उचलत्यात. वाळूची पोती बांधली तरी उचलत्यात. मधला सोट, म्हंजी नीट खाली गेलेलं जाड मूळ, त्यो तुटायच्या बेतात आला की लगेच लिव्हर सोडावा लागतो. न्हाई सोडला तर ट्रॅक्टर नाक वर करतो, आन् वरच्या मानसाचं काय खरं न्हाई.

लिव्हर कवा सोडायचा ते सांगायचं काम माझं. मी खोडापाशी अनवानी हुभी ऱ्हायची. सोट तुटायच्या आधी भुईच्या पोटात एक बारीक कुरकूर व्हती, दाताखाली खडा आल्यावानी. ती कानाला यायच्या आधी तळव्याला येती. तळव्याला आली की मी हात वर करायची. संपत खोडाकडं बघायचाच न्हाई, माझ्या हाताकडं बघायचा.

आन् आदल्या सांजंला खोडाला पानी घालायचं. त्यानं भुई मऊ पडती. सासूबाई म्हनायच्या, पाव्हना निघाला तरी आपन पानी इचारतो, हे तर झाड.

पायाखाली कापूस

आमच्या परड्यात जांभूळ व्हती. मागं गोडाऊनची भिंत झाली, तिच्या पान्याची वाट बंद झाली, ती वाळली. कापली. खोड ऱ्हायलं. तिथं संपतला वेल्डिंगची शेड टाकायची व्हती.

त्याच्या आधी माझं पोट बिघडलं व्हतं, ते बरं झालं व्हतं. दोन-तीन दिस पायाला मुंग्या येत व्हत्या, पर वय झालं की मुंग्या येत्यातच, त्याचं कोन सांगत बसतंय? मी सांजंला जांभळीला पानी घातलं. सकाळी अनवानी हुभी ऱ्हायले तर पायाखाली कापूस. म्या म्हनलं, पानी जास्त झालं, भुई लिबलिबली.

संपतनं लिफ्ट घेतली. मी वाट बघत ऱ्हायले. भुई काय बोलंना. मला वाटलं, जुनी जांभूळ हाय, मुकाट जाती. आन् एकदम कडाका झाला. ट्रॅक्टरचं नाक वर गेलं, ढगाकडं तोंड करून हुभं ऱ्हायलं, आन् धाडदिशी खाली आलं. पोती फुटली, वाळू उडाली. संपत एका बाजूला उडी मारून पडलेला.

"आये! हात का न्हाई केलास?"

"मला कळलंच न्हाई रं."

त्यो उठला, माझ्याकडं बघत ऱ्हायला. लेकरू भ्यालं व्हतं. मी त्याच्याकडं जायाला पाऊल टाकलं आन् खाली बसले. बसले ती उठताच येईना.

आता इथं आमची चूक झाली, ती सांगते, म्हंजी तुमी करनार न्हाई. मला वाटलं, झाडानं धरलं. आमच्यात म्हनत्यात तसं. खोड अर्धं वर आलेलं, तिरकं, एका अंगाच्या मुळ्या आभाळाला, सोट निम्माच तुटलेला. म्या संपतला म्हनलं, "तिला परत बसीव. माती लोट. पानी घाल." त्यो बिचारा ऐकनारा. सबंध दिस त्यानं ते खोड माघारी बसवायचा खटाटोप केला. सुनंदा कंपनीतनं शिफ्ट करून आली, तर सासू वट्यावर बसलीय आन् नवरा मेलेल्या झाडाला हंड्यानं पानी घालतोय.

ती म्हनाली, "आत्यांचे पाय गेल्यात आन् तुमी झाडाची सेवा करताय?"

संपत म्हनला, "आयेनंच सांगितलं."

दुसऱ्या दिशी सकाळी गुडघ्यापत्तूर काय न्हाई. रशीदभाई पोती शिवून द्यायला आला व्हता. त्यानं माझ्या तळव्याला पान्याचं टोक लावलं, नटबोल्टाच्या पान्याचं. "अम्मा, लगतंय का?"

"काय लावलंस?"

त्याचं त्वांड उतरलं. संपतला म्हनला, "भावा, झाडबिड काय न्हाई. ही वायरिंग गेली. टेम्पो काढतो, उचल." सुनंदानं माझं लुगडं नीट केलं, आन् आमी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. त्या एका दिसाच्या खोळंब्यानं किती बिघडलं, ते डाक्टरनी कवा सांगितलं न्हाई. आमीबी इचारलं न्हाई.

नाव

डाक्टर तरुन व्हता, खाटंशी वाकून बोलला. म्हनला, आजी, अंगात जे शिपाई आजाराशी लढत्यात, ते चुकून तुमच्याच नसांवर उठलेत. बऱ्याच जनांचं माघारी येतं, पर आधी आजून वर चढंल. हाताला जाईल. श्वासाला जाऊ शकतं. भ्यायचं न्हाई, आमी हाय.

इंग्रजी नाव सांगितलं, ते मला आजून म्हनता येत न्हाई. रशीदभाईनं मला माझ्या भाषेत सांगितलं: "वायरीचं वरचं कव्हर उंदरानं कुरतडलंय, अम्मा. आतलं तांबं शाबूत हाय. कव्हर परत चढतं."

"किती दिसानं?"

"ते उंदराला ठावं."

मी हसले. त्यानंतर लई दिस हसायला त्वांडच न्हवतं.

भुईत

हात गेले. मग गिळता येईना. मग छाती जड झाली, आन् मला आतल्या खोलीत नेऊन घशात नळी घातली. मशीन माझा श्वास घ्यायचं. तिथं दिस-रात काय न्हाई, एकच पांढरा उजेड. मला सगळं ऐकू यायचं. डोळं उघडता यायचं, झाकता यायचं. बाकी सगळं भुईत.

खरंच, मला भुईतच असल्यावानी वाटायचं. डोस्कं तेवढं वर, गळ्यापत्तूर माती. माती गार व्हती, मऊ व्हती, दुखत न्हवतं. वर लोकं चालायची, त्यांची पावलं मला मातीतनं कळायची. ही सिस्टरची, हलकी. ही डाक्टरची, घाईची. माझ्या बोटांना मुळ्या फुटल्यात आन् त्या लांब लांब चालल्यात. शेजारच्या खाटंखालनं गेल्या, भिंतीखालनं गेल्या, हायवेखालनं, जिथनं कंपन्यांचे ट्रक जात्यात तिथनं, आन् आमच्या परड्यात पोचल्या. तिथं जांभळीच्या मुळ्या व्हत्या. त्यांनी माझ्या मुळ्यांना इचारलं, पानी पाहिजे का? म्या म्हनलं, पाहिजे. आन् नेमकी त्याच टायमाला सिस्टर व्हटावर वला कापूस फिरवायची.

किती गोड लागायचं म्हनून सांगू. न्हाई सांगता येत.

मालक यायचे कवाकवा. डोक्याला मुंडासं, हातात इळा. कडंला बसून तंबाखू मळायचे. मी म्हनायची, निगायचं का? तर नुसते मान हलवायचे, व्हय म्हनून का न्हाई म्हनून ते कळायचं न्हाई.

भ्या वाटायचं का? वाटायचं. पर ते सपनात न्हाई, जागेपनी. मशीनचा आवाज बदलला की वाटायचं. सिस्टर लांब गेली की वाटायचं. डास बसला तर हाकलता येत न्हाई, एवढ्याचं वाटायचं.

लिफ्ट

संपतला थोडा येळ आत सोडायचे. पयल्या दिशी नुसता रडला. दुसऱ्या खेपंला त्यानं खाटंचा दांडा बघितला, डोस्क्याकडची बाजू वर घ्यायचा. सिस्टरला इचारलं, थोडी वर घ्यायची व्हती, मी घेऊ का? ती मराठवाड्याची, म्हनली, "घ्या की, पन हळू बरं का, काका."

त्यो दांड्यापाशी हुभा ऱ्हायला, जसा ट्रॅक्टरवर बसतो तसा. माझ्या तोंडाकडं बघून म्हनला, "आये, हात न्हाई तर डोळं. लिफ्ट घेतो. थांब म्हनायचं असंल तर डोळं मीट."

आन् त्यो फिरवायला लागला. सावकाश. खोलीचं छत मागं सरकलं, समोरची खिडकी वर आली, खिडकीत एक पिंपळाचं शेंड्याचं पान हलत व्हतं. मी बघत ऱ्हायले. मानेला ताण बसला तवा डोळं मिटलं. लगेच त्यो थांबला.

सिस्टर म्हनली, "अगं बाई, यांचं असं ठरलेलंय व्हय?"

"आमचं कामच हाय ते," संपत म्हनला.

त्या दिसापासनं मी गळ्यापत्तूर मातीत असले तरी कुनाच्यातरी कामाची व्हते. जो पडून हाय त्याला मी हेच सांगीन. डोळं मिटता येत असंल तर त्याचं काम ठरवून घ्या.

दापोडीच्या कांताबाई

नळी निघाली, मग मला मोठ्या वार्डात आनलं. शेजारी दापोडीच्या कांताबाई. त्यांची मांडी मोडलेली, पर त्वांड शाबूत. पोरगं बस चालवायचं, शिफ्ट सुटली की यायचं. पयल्याच दिशी म्हनाल्या, "जय भीम, आजी. बोलत का न्हाई? माझ्यावर रुसलाय का?" माझा आवाज आजून फुटत न्हवता. "बरं बरं," म्हनाल्या, "तुमी ऐका, मी बोलते. घरात कुनी ऐकत न्हाई, सोय झाली."

सुनंदाची भैन संत तुकाराम नगरात ऱ्हाती, तिथनं डबा यायचा. मला पातळ भात भरवायची सुनंदा. तिनं कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली व्हती. मला कुनी सांगितलं न्हवतं. एक दिस मी डोळं झाकून पडलेली, संपतला आन् सुनंदाला वाटलं झोपली.

सुनंदा हळू म्हनत व्हती, "मी नोकरी सोडली. तुमी काय सोडलं? ट्रॅक्टर हुभा, तुमी हुभे, खोड तिरकं."

"हात करायला कोन हाय आता?"

"मी हाय की."

"तुला न्हाई जमनार. ती आये हाय."

"मग आत्या उठोस्तवर आमी काय माती खायाची? आन् त्या न्हाई उठल्या तर?"

संपत म्हनला, "असं नगं बोलू." आन् बाहीर गेला.

मला राग न्हाई आला. खरं तेच ती बोलली. त्या दिशी मला उमगलं की माझ्या पायांवर नुसती मी न्हाई, ते दोघं, ते अवजार, सगळंच टेकलेलं हाय. कांताबाई सगळं ऐकत व्हत्या. सुनंदाला म्हनाल्या, "पोरी, ये हिकडं, केळं खा." तेवढंच. केळं खाताखाता ती रडली.

तिकाटनं

घरी आले ती उचलून. हात जरा हलायचे, पाय नुसते टांगलेले. व्यायामाच्या बाई घरी यायच्या, पोरसवदा, स्कुटीवर. म्हनायच्या, "आजी, रोज उभं राहायचंच. हाडांना कळलं पाहिजे की अजून काम आहे." पर मला धरून हुभं करायला दोघं पुरायची न्हाईत, पोत्यावानी घसरायची मी. सुनंदाची कंबर धरली.

ट्रॅक्टर घ्यायच्या आधी संपतकडं खोडं काढायला एक तिकाटनं व्हतं. तीन लोखंडी पाय, मधी साखळीची कप्पी, हातानं वढायची. ते मागं गंजत पडलेलं. एक दिस संपत आन् रशीदभाई ते घासत बसले. भंगार बाजारातनं मोटारीचे पट्टे आनले, बसताना बांधत्यात ते, आन् शिवून झबल्यावानी केलं.

बाई आल्या, बघितलं, कमरेवर हात ठेवला. "हे काय आहे?"

"खोड काढायचं हाय मॅडम," रशीदभाई म्हनला, "पन साफ केलंय."

"आजी म्हणजे खोड आहे का?"

म्या म्हनलं, "हायच की."

त्या हसल्या, पर साखळी तपासली, पट्टं वढून बघितलं, काखंत मऊ गादी लावायला लावली, कप्पी सुटनार न्हाई असा आडना करून घेतला. म्हनाल्या, "मी समोर असेन तेव्हाच. आणि आजी थांब म्हणाल्या की थांबायचं."

"ते आमाला ठावं हाय," संपत म्हनला.

साखळी खट खट वाजायला लागली. मी खाटंवरनं उचलले गेले. पायाचे अंगठे फरशीला लागले, मग चवडे, मग टाचा. आन् मी हुभी. किती दिसांनी मला माझ्या उंचीवरनं घर दिसलं. फळीवरचा डबा, खुट्टीवरची मालकांची टोपी, खिडकीतनं गोडाऊनचं निळं पत्र्याचं छप्पर, त्यावर एक कावळा. सगळं धुक्यातनं आल्यावानी. मला वाटलं, हेबी मातीतलं सपानच. पर कावळा वरडला, सपनातले कावळे वरडत न्हाईत.

शेजारची म्हातारी दारात येऊन किंचाळली, "अगं बया, हिला टांगलीय का काय!"

"ये, तूबी लटक," म्या म्हनलं. माझा आवाज त्या दिशी पुरता फुटला.

मग रोज. साखळी ढिली ढिली करत नेली. माझं वजन थोडं थोडं माझ्या पायांवर आलं. पुढं तिकाटनं सुटलं, वॉकर आला, मग काठी.

मुके तळवे

बाकी बरंच आलं, तळवे आले न्हाईत. चालायची, पर कशावर चालते ते बघितल्याबिगर कळायचं न्हाई. फरशी, माती, काय बी असो, खाली कापूस. डाक्टर म्हनले, तळव्याचं शेवटाला येतं, कवाकवा येतच न्हाई. अनवानी अजिबात चालायचं न्हाई, जखम झाली तर कळनार न्हाई. तवापासनं घरातबी चप्पल.

परड्यात जांभळीचं खोड तसंच तिरकं. संपतनं त्याला हात लावला न्हवता. कुनी बोलावलं तर म्हनायचा, पुढच्या महिन्यात. एक दिस भाकरी खाताना म्या म्हनलं, "शेड कवा टाकनार?"

"टाकू."

"माझ्यासाठी थांबलास ना? माझे तळवे न्हाई आले तर?"

त्यानं भाकरी ठेवली. सुनंदा तव्यापाशी, पाठ करून. म्या म्हनलं, "सुनंदा, चप्पल काढ आन् उद्या माझ्यासंगं हुभी ऱ्हा. तुला शिकवते."

"मला काय कळनार आत्या? कंपनीच्या बुटात वाढलेले पाय हैत."

"माझे तर कापसात हैत. बघू कुनाचे पयले येत्यात."

त्या सांजंला दोघींनी मिळून खोडाला पानी घातलं. ती हंडा वतायची, मी काठीवर टेकून तांब्यानं. तांब्या कलायचा, अर्धं माझ्याच पायावर सांडलं. आन् उजव्या पायाच्या अंगठ्याशी, तिथंच, रुपयाएवढ्या जागंत, गार लागलं. मी कुनाला बोलले न्हाई. सपान आसंल तर मोडाया नगं.

सकाळी संपत ट्रॅक्टरवर बसला. रशीदभाईनं म्होरं नवी पोती बांधली, दुप्पट. मी खोडापाशी गेले आन् चप्पल काढली.

"आत्या, चप्पल!" सुनंदा वरडली. "डाक्टर काय म्हनलेत?"

"तू भुई बघून दिलीस ना? खडा-काटा न्हाई ना? मग ऱ्हाऊ दे. आजच्यापुरतं."

तिनं तिचीबी काढली. मी एक हात काठीवर ठेवला, एक तिच्या खांद्यावर. म्या म्हनलं, "कानानं ऐकू नगं. खोडाकडं बघूबी नगं. भाकरी थापताना पीठ कसं सुटतं ते हाताला कळतं ना, तसं पायाला कळू दे."

संपतनं लिफ्ट घेतली. दाताळं बुडाखालनं वर यायला लागलं. खोड हललं, मातीतनं वला, जुना, गोडसर वास आला. त्यो वास मला वळखीचा व्हता, मी त्याच मातीत पडून व्हते ना तेवढं दिस. ट्रॅक्टर कन्हायला लागला. म्होरली चाकं हलकी झाली, ते दिसत व्हतं. संपत आमच्याकडं बघत व्हता, माझ्याकडं का सुनंदाकडं ते त्याचं त्यालाच ठावं न्हसंल.

मी डोळं मिटलं. सगळं पांढरं झालं, त्या खोलीतल्या उजेडावानी. आन् त्या पांढऱ्यात कुठंतरी, लई लांबनं, दाताखाली खडा आला.

दोघींचे हात एकदमच वर गेले. माझ्या हातातली काठी पडली.

संपतनं लिव्हर सोडला. मग कडाका झाला, नंतर. जांभूळ एका कुशीवर आडवी झाली, सावकाश, दमलेलं मानूस झोपतं तशी. ट्रॅक्टरची चाकं भुईवरच व्हती.

रशीदभाई म्हनला, "वा अम्मा!" मग सुनंदाकडं बघून, "वा भाभी! कुनाचा आधी गेला?"

"आत्यांचा," सुनंदा म्हनाली.

"हिचा," म्या म्हनलं.

ते माझ्या तळव्यातनं आलं का तिच्या खांद्यातनं माझ्या हाताला आलं, ते मला आजूनबी सांगता येत न्हाई. सुनंदानं खाली वाकून माझी चप्पल माझ्या पायात सरकवली. अंगठ्यापाशी तिची बोटं लागली. गार व्हती.